धमनीतल्या स्नायूपेशी आणि मायक्रोआरएनए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीवशास्त्र शिकवते. त्याआधीची काही वर्षं उंदराच्या महाधमनीतल्या स्नायूपेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवण्यात गेली. माहेरी अमळनेरला किंवा जळगाव-धुळ्याकडे गेले की दोन प्रकारची माणसं प्रश्न विचारतात. एक, एमएस्सीची मुलं. दुसरी, ज्यांच्या घरात कुणाची अँजिओप्लास्टी, बायपास किंवा डायलिसिस सुरू आहे अशी मंडळी. प्रश्न ऐकायला वेगवेगळे वाटतात, पण उत्तरं शोधत गेलं की बहुतेक वेळा एकाच पेशीपाशी येऊन पोचतो. म्हणून दोघांसाठी एकत्रच लिहिलं आहे. औषधांबाबतचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

धमनी चोंदते ती ठिबकच्या नळीसारखीच ना?

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या शेतकऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. विहिरीचं पाणी क्षाराचं, नळीत पांढरा थर, ड्रिपरची भोकं बंद. मग ॲसिड सोडायचं, टोकाची बुचं काढून नळ्या धुऊन घ्यायच्या. त्याच हिशेबानं पुढचा प्रश्न येतो, "मग नसा साफ करायचं काही औषध नाही का?" आणि असं औषध विकणारे आठवडी बाजारात भेटतातही.

ठिबकची नळी निर्जीव असते. तिच्यात काय साचतंय याचं तिला सोयरसुतक नसतं. धमनीची भिंत जिवंत आहे. आतल्या बाजूला पेशींचं एकपदरी अस्तर, त्याला एंडोथेलियम म्हणतात. मध्ये स्नायूपेशींचा थर. बाहेरून तंतूंचं वेष्टन. कोलेस्टेरॉल पोकळीत साचत नाही, ते अस्तराखाली, भिंतीच्या आत मुरतं. मग भिंत त्यावर उत्तर द्यायला लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत शिरतात, मधल्या थरातल्या स्नायूपेशी जागा सोडून अस्तराकडे सरकतात, संख्येनं वाढतात, कोलॅजन रचतात. अँजिओग्राफीत जो अडथळा दिसतो, त्यात भिंतीनं स्वतः केलेलं बांधकाम भरपूर असतं. हे बांधकाम ॲसिडनं किंवा काढ्यानं धुऊन निघत नाही. ते कोण सुरू करतं आणि कोण थांबवतं, हे समजून घ्यावं लागतं. मायक्रोआरएनएचा विषय तिथे सुरू होतो.

ही स्नायूपेशी दिसते कशी, करते काय?

दोन्ही टोकांना निमुळती, चरख्याच्या चातीसारखी. शाळेच्या पुस्तकात तिला अरेखित किंवा अनैच्छिक स्नायू म्हटलंय, इंग्रजी माध्यमातली मुलं स्मूथ मसल म्हणतात. या पेशी धमनीभोवती वेढे घालून बसलेल्या असतात. पेशीत कॅल्शियम वाढलं की ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं एकमेकांवरून सरकतात, पेशी आखडते आणि धमनीचं तोंड लहान होतं.

तिचं काम अनुभवायला प्रयोगशाळा लागत नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांवर गेला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्यांतल्या या पेशी सैलावतात, रक्त त्वचेकडे येतं, अंगातली उष्णता बाहेर पडते. त्यामुळेच उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो आणि बसल्या जागेवरून झटकन उठलं की चक्कर येते. पौषातल्या पहाटे हरभऱ्याला पाणी भरताना बोटं पांढरीफटक पडतात, तेव्हा याच पेशींनी वाहिन्या आवळलेल्या असतात.

पेशी "रूप बदलते" म्हणजे नक्की काय होतं?

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उंदराची महाधमनी काढून, आतलं अस्तर हलक्या हातानं खरवडून, बारीक तुकडे करून डिशमध्ये ठेवायचे. वर सीरम घातलेलं पोषणद्रव्य. पहिले काही दिवस काहीच घडत नाही. मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्याच्या कडेतून एखादी पेशी पाय बाहेर काढताना दिसते. आठवडा-दीड आठवड्यात कडेभोवती पेशींची झालर तयार होते. या पेशी आता आखडण्याचं काम करत नाहीत. त्या पसरट होतात, चालतात, विभागतात. डिश भरत आली की कुठे एकावर एक चढतात, कुठे विरळ राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सातपुड्याच्या टेकड्या आणि दऱ्यांसारखं दिसतं. नवीन विद्यार्थ्याला मी ते चित्र आधी दाखवते.

आत काय बदललं? अल्फा-ॲक्टिन, मायोसिनची जड साखळी, कॅल्पोनिन, एसएम२२ ही आखडण्याची प्रथिनं घटली. विभाजन, हालचाल आणि कोलॅजन बनवण्याची यंत्रणा वाढली. पहिल्या रूपाला आकुंचनी रूप म्हणू, दुसऱ्याला बांधकामी रूप. पुस्तकात दुसऱ्याला सिंथेटिक म्हणतात. हृदयाच्या स्नायूची पेशी अशी मागे फिरत नाही, एकदा तयार झाली की जन्मभर जवळजवळ तीच राहते. धमनीतली स्नायूपेशी मात्र दोन्हीकडे जाऊ शकते. १९७९ मध्ये चॅम्ली-कॅम्पबेल, कॅम्पबेल आणि रॉस यांच्या लेखानं हे दोन रूपांचं चित्र अभ्यासकांमध्ये रुजवलं.

इथे एक गैरसमज मी नेहमी खोडते. बांधकामी रूप म्हणजे रोग नाही. पाटाचा बांध फुटला की नांगर, कोळपं टाकून सगळे बांधाकडे धावतात, माती ओढतात, चर बुजवतात. तसं करायलाच हवं. धमनीला इजा झाली तर पेशींनी हेच करावं अशी शरीराची रचना आहे. बांध बांधून झाल्यावरही माणसं घरी परतली नाहीत आणि पाटातच माती टाकत राहिली, तर पाणी अडतं. धमनीत अडचण होते ती अशी.

मायक्रोआरएनए म्हणजे काय? लशीतला आरएनए तोच का?

तो नव्हे. एमआरएनए लशीत प्रथिन कसं बनवायचं याचा लांबलचक संदेश असतो. आपल्याकडे बहुतेकांना मिळालेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लशी तर त्या प्रकारातल्याही नाहीत.

मायक्रोआरएनए सुमारे २२ अक्षरांचा, म्हणजे न्यूक्लिओटाइडांचा, छोटासा तुकडा. त्यातून कुठलंही प्रथिन तयार होत नाही. त्याचं काम दुसऱ्याच्या संदेशावर बसून त्याचा आवाज कमी करणं.

पहिला सापडला तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकन यांच्या प्रयोगशाळांचे दोन शोधनिबंध एकाच वेळी आले. लिन-४ हा इवलासा आरएनए लिन-१४ या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचं प्रथिन कमी करतो, असं त्यांत दाखवलं होतं. बहुतेकांना वाटलं, ही त्या कृमीपुरती गंमत असेल. २००० साली लेट-७ हा दुसरा सापडला आणि तो माणसासह असंख्य प्राण्यांत आहे हे कळलं, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. मायक्रोआरएनए हे नाव २००१ चं. अँब्रोस आणि रुवकन यांना २०२४ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, मूळ शोधानंतर एकतीस वर्षांनी.

पेशी तो कसा बनवते?

डीएनएवरून आधी लांब आरएनए तयार होतो. तो स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा होतो. केंद्रकात ड्रोशा नावाचं विकर तो कापून सुमारे ७० अक्षरांचा आकडा बाजूला काढतं. एक्स्पोर्टिन-५ त्याला केंद्रकाबाहेर आणतं. तिथे डायसर हे दुसरं विकर आकड्याचं टोक छाटतं आणि २२ अक्षरांची जोडी उरते. जोडीतली एक पट्टी आर्गोनॉट या प्रथिनात बसते. मग ती जोडगोळी संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडचा भाग चाचपत फिरते. पट्टीतली २ ते ८ क्रमांकाची अक्षरं जुळली, की त्या संदेशाचं वाचन मंदावतं किंवा तो संदेशच मोडीत निघतो. ही सात अक्षरं परीक्षेत हमखास विचारतात, तीच लक्षात ठेवा.

एवढ्याशा तुकड्यानं पेशीचं वागणं कसं बदलेल?

साक्री तालुक्यात पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळतं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे पट्टे. पाटकरी बंधारा बांधत नाही, नदी अडवत नाही. तो ठरल्या पाळीप्रमाणे एका तोंडाशी दोन फावडी माती सरकवतो, दुसऱ्या तोंडाची काढतो. पाणी बंद होत नाही, कमीजास्त होतं. पण हंगामभर त्याच्या त्या फावड्यावर कुठल्या फडात ऊस उभा राहील आणि कुठला कोरडा जाईल हे ठरतं.

मायक्रोआरएनएचं असंच आहे. एकेका प्रथिनाच्या पातळीत तो सहसा फार मोठी घट करत नाही, निम्म्याहून कमीच. पण एकच मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर बसू शकतो आणि त्यातले अनेक संदेश एकाच कामाशी जोडलेले असतात. दहा तोंडांशी थोडी थोडी माती सरकली की पाणी दुसऱ्या फडाकडे वळतं.

मिर-१४३ आणि मिर-१४५ यांचं एवढं नाव का?

(प्रयोगशाळेत मायक्रोआरएनएला आम्ही "मिर" म्हणतो, पुढे क्रमांक.)

माणसात हे दोघं ५ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत आणि एकाच लांब आरएनएतून कापून निघतात. निरोगी धमनीच्या स्नायूपेशींत त्यांची रेलचेल असते. उंदराच्या मानेतल्या धमनीला फुग्यानं इजा केली की त्यांची पातळी कोसळते. २००९ हे वर्ष या जोडीचंच म्हणायला हवं, एकाच वर्षात पाच-सहा गटांनी त्यांच्यावर लिहिलं.

यंत्रणा सुंदर आहे. आकुंचनी प्रथिनांची जनुकं चालू करायला एसआरएफ आणि मायोकार्डिन ही दोन प्रथिनं लागतात. तीच दोघं मिर-१४३ आणि मिर-१४५ सुद्धा चालू करतात. दुसऱ्या बाजूला केएलएफ४ हे प्रथिन मायोकार्डिनच्या कामात आडवं येतं आणि पेशीला बांधकामी रूपाकडे ढकलतं. मिर-१४५ या केएलएफ४ च्या संदेशावर बसतो. म्हणजे मायोकार्डिन वाढलं की मिर-१४५ वाढतो, त्यानं केएलएफ४ दबतं, त्यामुळे मायोकार्डिनला आणखी मोकळीक मिळते. चक्र स्वतःलाच बळ देतं. मिर-१४३ त्याच वेळी एल्क-१ ला आवरतो. हा एल्क-१ वाढीचा निरोप आला की एसआरएफवरची मायोकार्डिनची जागा पटकावतो.

आता इजा झाली असं समजा. रक्तबिंबिका पीडीजीएफ हा वाढीचा घटक सोडतात. केएलएफ४ उसळतं, मायोकार्डिन मागे पडतं, मिर-१४५ घटतो, आणि तेच चक्र उलटं फिरतं. पेशी इतक्या निर्णायकपणे एका रूपातून दुसऱ्या रूपात का जाते, मध्येच लोंबकळत का राहत नाही, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या गटानं त्या वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली. चेताशिखेतल्या (भ्रूणातल्या चेतासंस्थेच्या कडेच्या, न्यूरल क्रेस्टच्या) मूळ पेशींना मिर-१४५ दिला तर त्या स्नायूपेशींच्या वाटेला लागतात. बावीस अक्षरांत एवढी ताकद. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद तीनदा वाचला होता.

मग मिर-१४५ वाढवला की काम झालं?

विद्यार्थी इथे घाई करतात, म्हणून पुढचं नीट वाचा.

ज्या उंदरांत मिर-१४३ आणि १४५ जन्मापासूनच नाहीत, ते जगतात. त्यांच्या धमन्या नीट आखडत नाहीत, रक्तदाब कमी असतो. इथवर अपेक्षेप्रमाणे. जर्मनीतल्या गटाला अशा वयस्क उंदरांच्या मांडीतल्या धमनीत कुठलीही इजा न करता आतून वाढलेला थर दिसला. म्हणजे हे दोघं राखणदार. पण अमेरिकेतल्या डॅलसच्या गटानं अशाच उंदरांच्या धमनीला मुद्दाम इजा केली, तेव्हा आतला थर नेहमीपेक्षा खूपच कमी वाढला. का? ॲक्टिनचे दोर विस्कळीत असल्यामुळे पेशींना जागेवरून सरकताच येईना.

दोन्ही निकाल खरे आहेत. पेशीला आखडायलाही ॲक्टिन लागतं आणि चालायलाही. मिर-१४५ नुसता "चांगला" असता तर हे दोन निकाल एकत्र नांदले नसते. "अमुक मायक्रोआरएनए चांगला, तमुक वाईट" असे तक्ते मी वहीतून खोडायला लावते. प्रश्न असा विचारायचा : कुठल्या पेशीत, कुठल्या वेळी, इजेच्या आधी की नंतर?

मिर-२१, मिर-२२१ आणि २२२ हे तरी वाईटच ना?

इजा झालेल्या धमनीत मिर-२१ वाढतो. २००७ साली उंदरांच्या मानेतल्या धमनीत तो दाबला, तेव्हा आतला थर कमी वाढला. त्याचं एक लक्ष्य पीटीईएन, म्हणजे वाढीवरचा लगाम. लगाम सैल झाला की पेशी विभागतात. इथवर आरोपी पक्का वाटतो. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं दाखवलं, की टीजीएफ-बीटा या दुसऱ्या वाढीच्या घटकाचा निरोप आला की ड्रोशाकडून मिर-२१ ची कापणी वेगानं होते, तो पीडीसीडी४ या प्रथिनाला दाबतो, आणि त्यातून आकुंचनी प्रथिनं वाढतात. एकच मिर-२१, पण निरोप कुणाचा आला यावर परिणाम वेगळा.

मिर-२२१ आणि २२२ हे एक्स गुणसूत्रावरचे शेजारी. पीडीजीएफ आलं की स्नायूपेशीत हे वाढतात आणि विभाजनाचे पी२७, पी५७ हे ब्रेक सोडतात. पण त्याच धमनीच्या अस्तरातल्या पेशींत हेच दोघं वाढ आणि हालचाल रोखतात. पाव मिलिमीटरसुद्धा अंतर नाही, आणि काम उलट.

सगळेच मायक्रोआरएनए काढून टाकले तर?

प्रयोग झालाय. उंदराच्या स्नायूपेशींतून फक्त डायसर काढला. भ्रूण सोळाव्या-सतराव्या दिवशी आतल्या रक्तस्रावानं मेले. वाहिन्यांच्या भिंती पातळ होत्या.

धमनीत कॅल्शियम साचणं, महाधमनी फुगणं यांचाही याच्याशी संबंध आहे का?

आहे. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर स्नायूपेशी चक्क हाडाच्या पेशीसारखं वागू लागते. त्या वळणाचा सूत्रधार रन्क्स२ हे प्रथिन, आणि मिर-२०४ त्याला आवरतो. मिर-२०४ घटला की कॅल्शियम साचायला वाट मिळते. महाधमनीच्या फुगवट्यात मिर-२९ महत्त्वाचा. तो कोलॅजन आणि इलास्टिनचे संदेश दाबतो, म्हणून उंदरांत त्याला रोखल्यावर भिंत भक्कम होऊन फुगवटा हळू वाढला. हे दोन्ही अजून प्राण्यांतल्या अभ्यासाच्या टप्प्यावर आहेत.

स्टेंट टाकल्यावर परत अडथळा का येतो?

हृदयाच्या धमनीत फुग्याची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिचमध्ये केली. फुगा धमनी मोठी करतो, पण तसं करताना भिंत ताणतो, अस्तर खरवडतो. स्नायूपेशीच्या दृष्टीनं हा बांध फुटल्याचाच निरोप. मग वर सांगितलेलं सगळं सुरू होतं : पीडीजीएफ वर, मिर-१४५ खाली, मिर-२१ आणि २२१ वर. नुसत्या फुग्याच्या काळात दहातल्या तीन-चार जणांत काही महिन्यांतच जागा पुन्हा अरुंद व्हायची. साध्या धातूच्या स्टेंटनं प्रमाण घटलं, औषध लावलेल्या स्टेंटनं आणखी घटलं. त्यातलं सिरोलिमस हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ते पेशींचं विभाजन थांबवतं.

अडचण अशी, की ते स्नायूपेशी आणि अस्तरपेशी यांत फरक करत नाही. अस्तर उशिरा भरून येतं, तोवर उघड्या स्टेंटवर गुठळी बसण्याची भीती. म्हणूनच डॉक्टर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या परस्पर बंद करणारे लोक माझ्या नात्यातच आहेत. कृपा करून करू नका.

फरक करण्याची युक्ती मायक्रोआरएनएकडे आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. अस्तरपेशींत मिर-१२६ भरपूर असतो, स्नायूपेशींत जवळजवळ नसतो. संशोधकांनी पी२७ या ब्रेकच्या जनुकाला मिर-१२६ बसेल अशी शेपटी जोडली आणि ते उंदरांच्या इजा झालेल्या धमनीत सोडलं. अस्तरपेशीत शिरलं की तिथला मिर-१२६ तो संदेश मोडून टाकी, ब्रेक लागत नसे. स्नायूपेशीत मिर-१२६ नाही, तिथे ब्रेक घट्ट लागे. आतला थर वाढला नाही आणि अस्तर वेळेवर भरून आलं.

अस्तर आणि स्नायू एकमेकांशी बोलतात का?

बोलतात. रक्त सरळ, एकसारखं वाहत असेल तर अस्तरपेशीत केएलएफ२ हे प्रथिन वाढतं. २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं, की अशा अस्तरपेशी मिर-१४३ आणि १४५ बारीक पुटिकांत, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांत, भरून स्नायूपेशींकडे पाठवतात आणि त्यांना आकुंचनी रूपात राहायला मदत करतात. धमनीच्या फाट्यांवर रक्त भोवरे घेतं, तिथे ही मदत तोकडी पडते. आणि अडथळे जास्त करून फाट्यांजवळच असतात.

डायलिसिसच्या फिस्टुल्याचा यात काय संबंध?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझ्या मामांच्या डाव्या मनगटाला फिस्टुला होता. मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडून देतात, म्हणजे शीर जाड होते आणि डायलिसिसची सुई टोचता येते. ही शस्त्रक्रिया १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडली. तिथे बोट ठेवलं की घरघर जाणवते. विहिरीवरची मोटार सुरू असताना पाइपला हात लावला की जशी थरथर येते, अगदी तशी. मामा रोज सकाळी चहाच्या आधी मनगट कानाला लावून ऐकायचे.

एका सकाळी त्यांचा फोन आला, "आज हात बोलस नही, बेटा." मी त्यांना जिथे फिस्टुला केला होता तिथे लगेच जायला सांगितलं. तिथे पोचल्यावर कुणीतरी नेहमीच्या सवयीनं त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधायला घेतला. मामींनी हात धरून थांबवलं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी फक्त ऐकून लक्षात ठेवलं होतं.

झालं असं होतं, की जोडाच्या पुढे शीर आतून अरुंद झाली होती आणि तिथे गुठळी बसली. शिरेच्या भिंतीला धमनीचा दाब आणि वेग सोसायची सवय नसते. तो अचानक आला की भिंतीतल्या स्नायूपेशी बांधकामी रूप घेतात. थोडं बांधकाम हवंच असतं, त्याशिवाय शीर जाड कशी होणार? फिस्टुला "पिकायला" सहा-आठ आठवडे देतात ते यासाठीच. पण ते काम थांबलं नाही तर पोकळी बुजते. बायपासमध्ये पायाची शीर हृदयावर लावतात, तिथेही वर्षांनुवर्षांत हेच घडतं.

घरी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. रोज बोटानं घरघर तपासा. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नको, तो हात उशाखाली घेऊन झोपू नका. घरघर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर ढकललं तर फिस्टुला वाचवण्याची संधी कमी होते.

रक्तातले मायक्रोआरएनए तपासून धोका आधी कळतो का?

नेहमीच्या उपचारात अशी तपासणी वापरली जात नाही. कुणी पॅकेजमध्ये विकत असेल तर पैसे देऊ नका, त्या पैशांत साखर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. मायक्रोआरएनए रक्तात टिकतात हे खरं. ते पुटिकांत किंवा प्रथिनांच्या आडोशाला असतात. पण मोजणी नाजूक आहे. नमुना घेताना लाल पेशी फुटल्या, सीरम जरा जरी गुलाबी झालं, की त्यातले मिर-४५१ आणि मिर-१६ सगळं चित्र बिघडवतात. हेपरिनच्या हिरव्या बुचाच्या नळीत रक्त घेतलं तर पीसीआरच अडखळतो. मी स्वतः असे नमुने फेकले आहेत, जड मनानं.

यावर औषध निघालंय का?

रक्तवाहिन्यांसाठी मायक्रोआरएनएवर चालणारं मंजूर औषध नाही. प्रयत्न जोरात आहेत. यकृतातल्या मिर-१२२ ला रोखून हिपॅटायटिस सी चा विषाणू कमी करता येतो, हे २०१३ मध्ये रुग्णांत दिसलं. उलट, कर्करोगासाठी मिर-३४ ची नक्कल देणारी चाचणी २०१६ मध्ये प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. मिर-१४५ किंवा २१ ची अडचण तुम्ही वर वाचलीच आहे. ते सगळ्या शरीरात असतात आणि जागोजागी वेगळं वागतात, त्यामुळे नेमकं धमनीच्या भिंतीत आणि नेमक्या काळात पोचवणं हाच अर्धा प्रश्न आहे. माझी आशा स्टेंट, फुगा आणि फिस्टुल्याच्या जोडावर आहे. तिथे औषध हातानं जागेवर ठेवता येतं.

केळी, भरीत खाऊन मायक्रोआरएनए मिळतात का?

केळीत, वांग्यात, कपाशीतही मायक्रोआरएनए असतात, वनस्पती ते बनवतातच. भातातला मिर-१६८ खाण्यातून उंदराच्या यकृतात पोचून काम करतो, असा दावा २०१२ मध्ये गाजला. नंतर इतर प्रयोगशाळांना तो पुन्हा दाखवता आला नाही. पोटात हे तुकडे पचून जातात. केळी केळीसाठी खा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियममुळे तीही डॉक्टरांना विचारूनच.

तंबाखू, बीपी, साखर यांनी या पेशी बदलतात का?

हो. सततचा वाढलेला दाब भिंत ताणतो, निकोटिन आणि वाढलेली साखर अस्तराला इजा करतात, आणि स्नायूपेशीला पुन:पुन्हा दुरुस्तीचे निरोप जातात. बीपीची गोळी रोज घेणं हे आज या पेशींना शांत ठेवण्याचं सगळ्यात खात्रीचं साधन आहे. मशेरीसुद्धा तंबाखूच, हे आया-मावशींना सांगा.

या विषयावर एमएस्सीचा प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी एकच पेशी, एकच मायक्रोआरएनए, एकच लक्ष्य ठरवा. संगणकावर लक्ष्यांची यादी मिळते, पण ती यादी म्हणजे फक्त अंदाज. लक्ष्य संदेशाचं शेपूट ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराच्या जनुकाला जोडा, प्रकाश कमी होतो का पाहा. मग शेपटातली, मायक्रोआरएनएच्या २ ते ८ क्रमांकाच्या अक्षरांशी (त्यांना बीज म्हणतात) जुळणारी सात अक्षरं बदला आणि परिणाम नाहीसा होतो का पाहा. दुसरी पायरी गाळू नका, बहुतेक प्रकल्प तिथेच कच्चे राहतात. "मिर-१४५ कमी झाला आणि पेशी वाढल्या" आणि "मिर-१४५ कमी झाल्यामुळे पेशी वाढल्या" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं लिहायचं असेल तर मिर-१४५ परत देऊन वाढ थांबते हे दाखवावं लागतं.

पेशी विकत घेतल्या असोत की स्वतः काढलेल्या, कितवा पॅसेज आहे (म्हणजे कितव्यांदा नव्या डिशमध्ये हलवल्या) ते डिशच्या झाकणावर लिहा. पाचव्या-सहाव्याच्या पुढे त्या आपोआपच बांधकामी रूपात गेलेल्या असतात, मग तुमच्या औषधानं काय केलं आणि डिशनं काय केलं हे वेगळं काढता येत नाही. प्रयोगाआधी एक दिवस सीरम कमी करून त्यांना शांत होऊ द्या. आणि प्रत्येक खेपेला एक काचपट्टी अल्फा-ॲक्टिननं रंगवून बघा. लांब, समांतर, उजळ दोरे दिसले तर पेशी अजून आखडायच्या तयारीत आहे, त्या दिवशी प्रयोग सुरू करा.